चुन्याची परतफेड

(श्रीमहादेव मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात कीर्तनापूर्वी केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून येथे देत आहे.)



मी इंजिनिअर नव्हे, शास्त्राचा प्राध्यापकही नव्हे. दहावी पास होऊन तहसील कचेरीत कारकुनी करणारा मी एक सामान्य माणूस. आवक-जावक लिहावी, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर न्यावी, हे माझे काम. तरीही मी आज बोलावयास उभा आहे. कारण या देवळाच्या कामात एकदा माझ्या हातून चूक झालेली आहे, आणि ती गावासमोर कबूल केल्यावाचून कलशाचे दर्शन घेणे मला बरे वाटले नाही.

गेली दोन वर्षे गावात एक विनोद चालू आहे. पारावर म्हणा, डेअरीवर म्हणा, एस.टी.च्या थांब्यावर म्हणा, कोणी ना कोणी म्हणतेच, 'समितीने गावाला चुना लावला!' मंडळी, समितीच्या वतीने मी सांगतो, आरोप मान्य आहे. चुना लावला, अगदी शिखरापासून ओट्यापर्यंत लावला. तो का लावला, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

गोष्ट २००६ सालची आहे. तेव्हा मी पंचविशीत होतो. शिखराचा जुना गिलावा जागोजागी सुटला होता. तरुण मंडळाने ठरविले की, एकदाच काय ते पक्के काम करून टाकू. वर्गणीचे पावतीपुस्तक माझ्याकडे होते. कोणी दोन गोण्या सिमेंट दिले, कोणी पाच दिले. प्रत्येक गोणीची पावती मी माझ्या हाताने फाडली. त्या वेळी आपल्या गावात एक वृद्ध गवंडीआबा होते. आज ते हयात नाहीत. लहानपणी त्यांनी चुन्याच्या घाणीवर बैल हाकले होते. ते काठी टेकत देवळापाशी आले आणि मला म्हणाले, "पोरा, शिखर विटा-चुन्याचं आहे. वर सिमेंट मारू नका. आत पाणी कोंडेल." मी हसलो आणि म्हणालो, "आबा, आता जमाना बदलला." ते काही न बोलता निघून गेले. आम्ही शिखरावर सिमेंटचा गिलावा चढविला, दरजा सिमेंटने भरल्या आणि वरून ऑइलपेंट दिला. देऊळ नव्या नवरीसारखे दिसू लागले.

पाच-सहा वर्षांतच आतल्या भिंतीला ओल दिसू लागली. रंगाचे पोपडे सुटले, विटांना लोणा लागला. आम्ही पुन्हा सिमेंट थापले, पुन्हा रंग दिला. शेवटी २०२२ च्या श्रावणात, सोमवारी पहाटे, शिखराच्या पूर्वेकडचा गिलाव्याचा मोठा तुकडा विटांसकट खाली आला. माझी आई नुकतीच प्रदक्षिणा पुरी करून सभामंडपात येऊन बसली होती. तिला काही लागले नाही, कोणालाच लागले नाही, ही महादेवाची कृपा. पण तो तुकडा मी हातात घेतला तेव्हा सिमेंटचा थर खापरासारखा टणक होता, आणि त्याला चिकटलेली वीट बोटाने दाबताच चुरा होत होती. दोनशे वर्षे टिकलेली वीट आम्ही सोळा वर्षांत संपविली होती.

असे का झाले, ते मला मागाहून समजले. जुनी वीट पाणी थोडे शोषून घेते आणि ऊन पडले की सोडून देते. चुन्याचा गिलावा तिला ते करू देतो. अंगावर सुती बंडी असली म्हणजे घाम सुकतो, तसे हे आहे. सिमेंटचा गिलावा म्हणजे प्लॅस्टिकचा कागद. त्याला केसाएवढी जरी चीर पडली तरी पावसाचे पाणी आत जाते, पण उन्हाळ्यात त्याला बाहेर यावयास वाट नसते. पाण्याबरोबर क्षार फिरतात, ते विटेच्या पोटात साठतात आणि वीट फोडतात. दुसरे असे की, जोड नेहमी विटेपेक्षा मऊ असावा. भिंत थंडी-उन्हाने थोडी हलते. जोड मऊ असेल तर ताण जोडावर जातो, आणि जोड पुन्हा भरता येतो. जोड टणक असेल तर ताण विटेवर जातो, आणि फुटलेली वीट पुन्हा सांधत नाही. गवंडीआबांनी हे सर्व एका वाक्यात सांगितले होते.

सिमेंट आले कधी, हेही पाहण्यासारखे आहे. आज आपण वापरतो त्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली घेतले. आपल्या देशात त्याचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९१४ साली, पोरबंदरच्या कारखान्यापासून. त्याआधीची आपली देवळे, वाडे, किल्ले, बारवा या दगड, माती, वीट आणि चुन्याच्या आहेत. यादवकाळची पुष्कळ देवळे तर दगडावर दगड खाचेत बसवून, जोडात काही न भरता रचलेली आहेत. आपला गाभाराही तसाच आहे. शिखर मागाहून विटा-चुन्याचे चढविलेले. अहिल्यादेवी होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, काशी विश्वनाथाचे देऊळ १७८० च्या सुमारास उभे केले, तेव्हा सिमेंटची गोणी जगात नव्हती. आपल्या देशापुरतेच कशाला, रोम शहरातील पँथिऑन नावाचे देऊळ दुसऱ्या शतकातले आहे. चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या काँक्रीटचा त्याचा घुमट आजही उभा आहे. २०२३ साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या संशोधकांनी दाखवून दिले की, त्या जुन्या रोमन काँक्रीटमध्ये राहिलेल्या चुन्याच्या बारीक खड्यांमुळे चिरा आपोआप भरून येऊ शकतात. पाणी चिरेत शिरते, थोडा चुना विरघळवते आणि तोच चुना चिरेत जमून घट्ट होतो.

आता ज्या विषयासाठी मला उभे केले आहे त्याकडे वळतो. तो म्हणजे निसर्गाचा हिशेब. जमा-खर्च हा माझा रोजचा विषय असल्यामुळे मी तो त्याच भाषेत मांडतो.

शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत पुरती भाजली तर छप्पन्न किलो कळीचा चुना हाती येतो. उरलेले चव्वेचाळीस किलो गेले कुठे? ते कार्बन डायऑक्साइड वायू होऊन आभाळात गेले. हाच तो वायू, ज्याच्या वाढीमुळे पृथ्वी तापते आहे. हा झाला खर्च. पुढे कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुलतो आणि लोण्यासारखा विरतो. तो भिंतीला लावला म्हणजे हळूहळू हवेतला तोच वायू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडाचा चुना आणि चुन्याचा दगड. जेवढे आभाळात सोडले होते, त्यातले बरेचसे भिंत वर्षानुवर्षे परत घेत राहते. ही झाली जमा.

सिमेंटचे तसे नाही. त्याची भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. चुन्याला ९०० अंशांच्या आसपास पुरते. सिमेंटातही चुनखडीच भाजतात, तिचाही वायू बाहेर पडतो, कोळशाचा धूर वेगळा. सिमेंटसुद्धा काही वायू परत घेते, पण कर्जाच्या मानाने ही परतफेड अपुरी. जगातील माणसांच्या उद्योगांतून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो त्याचा सात ते आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा धरतात. चीनच्या खालोखाल सर्वांत जास्त सिमेंट तयार होते ते आपल्या देशात. म्हणून हा विषय परक्याचा नव्हे, आपल्या दारचा आहे.

परंतु हिशेब लिहिताना खोटी नोंद करू नये. किलोला किलो लावून नुसता भट्टीचा हिशेब केला तर चुनाही सोवळा ठरत नाही. त्याचाही वायू भरपूर निघतो. पूर्वीच्या भट्ट्यांनी लाकूड आणि कोळसा खाल्ला आहे. आपला कळीचा चुना ट्रकने बाहेरून आला, त्या ट्रकनेही धूर सोडला. इंधनाचा हा धूर चुना परत घेत नाही. तेव्हा चुना म्हणजे पुण्याचा गोळा आणि सिमेंट म्हणजे पाप, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, चुना कमी आचेवर होतो, घेतलेल्यातले पुष्कळसे परत करतो आणि जुन्या बांधकामाला जगू देतो. यातला तिसरा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

तो कसा, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. शिखर उतरविताना ज्या भागाला सिमेंट लागले नव्हते तिथल्या विटा चुन्यातून अखंड सुटल्या. पोराबाळांनी त्या घासून रचल्या आणि त्याच विटा पुन्हा वर गेल्या. जिथे सिमेंट लागले होते तिथल्या विटा फुटून निघाल्या. त्यांचा राडारोडा ट्रॉल्या भरून टाकावा लागला. जी वीट वाचली तिच्यासाठी नवी भट्टी पेटली नाही, मळीची माती उकरली गेली नाही. जुनी वस्तू टिकविणे यासारखा धूर वाचविण्याचा दुसरा उपाय नाही.

वाळूचे तसेच. तहसील कचेरीत गौण खनिजाचे कागद माझ्या टेबलावरून जातात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातूनही गौण खनिज काढावयाचे तर पर्यावरणाची परवानगी लागेल. त्याचे कारण आपल्याला कागद न वाचताही माहीत आहे. नदीतली वाळू उपसली की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी उतरते. चुन्यालाही वाळू लागते, हे मी नाकारत नाही. पण वाळूचा काही भाग आपण सुरखीने भागविला. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. जुन्या, फुटक्या पण चांगल्या भाजलेल्या विटा कुटून, चाळून ती केली. जो माल टाकून द्यावयाचा तोच कामी आला. शिवाय नुसता चुना पाण्यात घट्ट होत नाही. सुरखी मिसळली म्हणजे ओलीतही तो धरतो. आपल्या पूर्वजांनी बारवा आणि हौद बांधले ते याच युक्तीवर.

काम कसे झाले तेही नव्या पिढीसाठी नोंदवून ठेवतो. देवळाच्या मागे ते दगडी चाक पडले होते, ज्यावर बसून आपण सर्वांनी लहानपणी शेंगा खाल्ल्या, ते चुन्याच्या घाणीचे चाक. पूर्वी शेतातले चुनकंकर गोळा करून भाजीत. हा धंदा करणाऱ्या लोणारी समाजाची विद्या किती मोठी होती, हे या कामात आम्हाला कळले. आपण खड्डा करून त्यात कळीचा चुना विरविला आणि पाण्याखाली तीन महिने ठेवला. चुना जितका मुरावा तितका तो चिकट होतो. विरविताना तो रटरट उकळतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जाण्याची भीती असते. म्हणून तिथे मुलांना येऊ दिले नाही आणि गड्यांना चष्मे दिले. मग चाक मूळ जागी बसवून बैलजोडीने चुना मळला. पहिले आठ दिवस सारा गाव बघावयास लोटला होता. पुढे काम वाढले तेव्हा यंत्राची मदत घेतली, हेही सांगितले पाहिजे. हिरडा आणि गूळ भिजवून त्याचे पाणी चुन्यात घातले. गूळ दिला तो गावातल्याच गुऱ्हाळाने. पाथरवट आणि गवंडी बाहेरून आणावे लागले, कारण आपल्या गावातली ती विद्या गवंडीआबांबरोबर गेली. मात्र आपले दोन तरुण त्यांच्या हाताखाली शिकून तयार झाले, याचा मला विशेष आनंद आहे.

आता तक्रारींबद्दल. पहिली तक्रार वेळेची. कलशारोहणाचा मुहूर्त एकदा पुढे ढकलावा लागला, पाहुण्यांना दिलेली निमंत्रणे फिरवावी लागली. गोष्ट खरी आहे. चुना घाई सोसत नाही. एक थर दिला की त्यावर ओली पोती टाकून तो जपावा लागतो, मग दुसरा थर. मुसळधार पावसात काम बंद. दुसरी तक्रार खर्चाची. तीही खरी आहे. चुना स्वस्त असला तरी त्याला हात फार लागतात आणि हातांची मजुरी द्यावी लागते. पण ते पैसे बहुतेक माणसांच्या हाती गेले, आणि त्यातले बरेच आपल्याच गावच्या माणसांच्या. तिसरी तक्रार अशी की, सिमेंट वाईट तर नदीवरचा पूल चुन्याचा बांधणार काय? नाही. पूल, धरण, पाण्याची उंच टाकी, चार मजली इमारत ही सिमेंट-लोखंडाचीच कामे आहेत. ज्याची जागा त्याला द्यावी. जुन्या विटा-दगडाच्या कामाला चुना, एवढाच आमचा आग्रह.

आणि या वाटेवर आपण एकटेच आहोत असेही नाही. पंढरपुरास २०२४ साली विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनाचे काम झाले, तेव्हा गाभाऱ्यात मागाहून बसविलेली फरशी काढून मूळ दगड मोकळा केला, हे आपल्यापैकी वारीला जाणाऱ्यांनी पाहिलेच आहे. चांगल्या भावनेने चढविलेली वस्तूसुद्धा कधी कधी उतरवावी लागते. आम्ही सिमेंट चढविले तेही भक्तीनेच चढविले होते.

शेवटी तीन विनंत्या करून माझे भाषण संपवितो.

पहिली विनंती. या भिंतींना कोणीही ऑइलपेंट लावू नये, नवसाचा असला तरी लावू नये. दरवर्षी यात्रेआधी चुन्याची सफेदी द्यावी. तिने भिंत शुभ्र राहते, ऊन परतवते, आणि चुन्याच्या तिखटपणामुळे बुरशी-कीडही सहजी धरत नाही. आपल्या आया-आज्या दिवाळीला घर सारवून सफेदी देत, त्यात हे शहाणपण होते.

दुसरी विनंती. दर पावसाळ्यानंतर शिखर पाहून घ्यावे. पिंपळ-वडाचे रोप बोटाएवढे असतानाच काढावे. तडा दिसला तर सिमेंटची थापी घेऊन कोणी धावू नये. विरविलेल्या चुन्याचा खड्डा आपण बुजविलेला नाही. झाकून, पाण्याखाली राखून ठेवला आहे. त्या दोन तरुणांना हाक मारावी.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. देवळाखालच्या बारवेच्या दुरुस्तीचा विषय येत्या ग्रामसभेत येणार आहे. सिमेंटने आतून गिलावा करून टाकावा, अशी सूचना काहींची आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. माझाही २००६ साली चांगलाच होता. पण त्या बारवेच्या दगडांच्या फटींतून झरे येतात. सिमेंटने फटी बुजल्या तर झऱ्यांची तोंडे बुजतील, आणि मग बारव सुंदर दिसेल पण कोरडी राहील. ढासळलेले दगड पुन्हा रचावेत, जिथे जोड हवाच तिथे चुना-सुरखी वापरावी आणि गाळ काढावा. ग्रामसभेत मी हात वर करून हेच सांगणार आहे. त्या दिवशी कोणी मला म्हणेल, 'भाऊसाहेब, जमाना बदलला.' तर मला राग येणार नाही. मी त्याला फक्त शिखरावरून पडलेला तो तुकडा दाखवीन. तो मी टाकलेला नाही. घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला आहे.

एका देवळाने आभाळ स्वच्छ होत नाही, हे मला कळते. पण आज आपण ज्या भिंतीला टेकून बसला आहात, ती या घटकेलाही थोडा थोडा वायू ओढून घट्ट होत आहे. आपण गेल्यावर आपल्या नातवंडांच्या काळातही तिचे हे काम चालू राहील. गवंडीआबांना मी दिलेले उत्तर मला परत घेता येत नाही. हा चुना ही त्याचीच उशिरा केलेली परतफेड समजावी.

बोलण्यात काही कमी-जास्त झाले असल्यास लहान समजून क्षमा करावी. कीर्तनकार महाराज ताटकळले आहेत, तेव्हा आपली रजा घेतो.

हर हर महादेव!